फ्लॅश पडला, काही झालं नाही: वॅटकिन्सच्या सेस्ना अपघाताचा प्रकरण अभ्यास

अमेरिकेतल्या कोलोराडो राज्यात, डेन्व्हरच्या पूर्वेला वॅटकिन्सजवळ एक छोटा विमानतळ आहे. तेव्हा त्याचं नाव फ्रंट रेंज होतं, आता कोलोराडो एअर अँड स्पेस पोर्ट आहे. 31 मे 2014 रोजी मध्यरात्र उलटून गेल्यावर तिथून एक सेस्ना 150 उडालं. आत वैमानिक आणि त्याच्या शेजारी एक प्रवासी. विमान परत आलं नाही. सकाळी शेतात त्याचे अवशेष सापडले. दोघंही मृत होते.

अवशेषांजवळ एक गोप्रो कॅमेरा मिळाला. अमेरिकेत विमान अपघातांचा तपास करणाऱ्या नॅशनल ट्रान्सपोर्टेशन सेफ्टी बोर्डाच्या, म्हणजे एनटीएसबीच्या तपासनीसांनी त्यातली चित्रणं वाचवली. शेवटचं उड्डाण त्यात नव्हतं, पण आधीची होती. त्यात त्याच रात्रीचं, अपघाताच्या लगेच आधीचं एक उड्डाण होतं: दुसरा प्रवासी, विमानतळाभोवती एक सर्किट, आणि लँडिंग. या चित्रणांत वैमानिक आणि वेगवेगळे प्रवासी मोबाइलवर स्वतःचे फोटो काढताना दिसतात. रात्रीच्या उड्डाणात तर टेकऑफच्या धावेत, सुरुवातीच्या चढाईत आणि सर्किटमध्येही फ्लॅश चालू आहे.

ते उड्डाण सुखरूप उतरलं. प्रवासी बदलला. विमान पुन्हा निघालं.

या मधल्या थांब्यासाठी मी हे प्रकरण निवडलं. विमान पडण्याच्या क्षणाची तांत्रिक कारणं पाठ्यपुस्तकात मिळतात. पण जी गोष्ट करायला नको होती ती करून माणूस सुखरूप खाली येतो, आणि त्यानंतर लगेच तशाच हवेत, तशाच अंधारात, नवा प्रवासी घेऊन पुन्हा वर जातो, याचं उत्तर फक्त विमानशास्त्रात सापडत नाही.

अहवाल काय म्हणतो, काय म्हणत नाही

एनटीएसबीने दिलेलं संभाव्य कारण असं: रात्री, ढगाळ हवेत, उपकरणांच्या आधाराशिवाय उडणं अशक्य असलेल्या परिस्थितीत वैमानिकाला दिशाभ्रम झाला, विमानावरचा ताबा सुटला आणि विमान स्टॉल झालं, म्हणजे पंखांना विमान तोलून धरणं जमेना. कमी उंचीवर विमान हाताळताना मोबाइलमुळे लक्ष विचलित होणं हा त्याला हातभार लावणारा घटक. विमानात आधीपासून काही बिघाड असल्याचं आढळलं नाही. शेवटच्या उड्डाणात फोन हातात होता याचा थेट पुरावा नाही. आधीच्या उड्डाणांतली सवय, विशेषतः लगेच आधीच्या उड्डाणातली, पाहून तपासनीसांनी तशी शक्यता मांडली.

2015च्या सुरुवातीला हा निष्कर्ष बाहेर आला आणि वर्तमानपत्रांनी मथळा करून टाकला की सेल्फीने विमान पाडलं. मथळा म्हणून ठीक, पण अहवाल इतका सोपा नाही. त्यात सोशल मीडियाचा विषय नाही. ते फोटो कुठे टाकायचे होते, कोणी बघणार होतं का, यावर अंदाज बांधायचं आपल्याला काही कारण नाही. इथे मुद्दा वेगळा आहे. लाइक, फॉलोअर, स्पॉन्सर यातलं काहीही मधे न आणतासुद्धा कॅमेरा कॉकपिटमध्ये काय करतो, हे या चित्रणांत उघडं दिसतं. सोशल मीडिया त्यावर आणखी थर चढवतो. त्या थरांकडे पुढे येऊ.

अहवालातली दुसरी एक नोंद मथळ्यांत आली नाही, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. वैमानिकाच्या लॉगबुकात, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवहीत, रात्री प्रवासी नेण्यासाठी किंवा ढगात उपकरणांवर उडण्यासाठी लागणारा अलीकडचा सराव पूर्ण केल्याचा पुरावा मिळाला नाही. अमेरिकी नियमाप्रमाणे रात्री प्रवासी न्यायचा तर मागच्या 90 दिवसांत रात्रीच्या वेळी तीन टेकऑफ आणि पूर्ण थांबून केलेली तीन लँडिंग हवीत. उपकरणांवर उडायचं तर मागच्या सहा महिन्यांत सहा इन्स्ट्रुमेंट अप्रोच, म्हणजे उपकरणांच्या आधाराने धावपट्टीकडे उतरत येणं, शिवाय होल्डिंगचा, म्हणजे ठरलेल्या जागी घिरट्या घालत थांबण्याचा सराव. या अटी फार कडक आहेत असं कोणी म्हणणार नाही.

अनुभव कमी असण्याचे दोन अर्थ होतात. एक, एकूण तासच कमी. अमेरिकेत खासगी वैमानिकाचा परवाना किमान 40 तासांच्या उड्डाणावर मिळू शकतो. त्यात रात्रीचे तीन तास आणि दहा टेकऑफ-लँडिंग, आणि केवळ उपकरणांकडे बघून उडण्याचे तीन तास. म्हणजे परवाना हातात पडल्यावर, रात्रीच्या उड्डाणाचे जेमतेम तीन तास गाठीशी असलेला माणूस कायदेशीरपणे मित्राला शेजारी बसवून अंधारात उडू शकतो. दुसरा अर्थ, तास भरपूर पण या विशिष्ट परिस्थितीतले नाहीत, किंवा होते ते जुने झालेत. दुसऱ्या प्रकारचा अननुभवी जास्त फसतो, कारण लॉगबुकातला मोठा आकडा त्यालाच दिलासा देतो. रात्र आणि ढग त्या आकड्यातले दिवसाचे, उन्हातले तास मोजत नाहीत.

अंधारात टेकऑफच्या वेळी काय चाललेलं असतं

सेस्ना 150 दोन जणांचं विमान. बसायला इतकी कमी जागा की शेजाऱ्याचा खांदा लागतो. 100 अश्वशक्तीचं इंजिन. वैमानिक डावीकडे, डावा हात योकवर, म्हणजे विमान वळवायच्या-उचलायच्या दांड्यावर, उजवा थ्रॉटलवर, म्हणजे इंजिनाची ताकद कमी-जास्त करायच्या खटक्यावर. टेकऑफच्या धावेत मोकळा हात उरत नाही. सेल्फी घ्यायची तर या दोनांपैकी एक काम सोडावं लागतं, किंवा शेजारच्याने फोन धरायचा आणि वैमानिकाने मान वळवून त्याच्याकडे बघायचं. चाकं जमीन सोडत असताना यातलं काहीही परवडत नाही.

त्यात फ्लॅश. मंद उजेडात आपल्याला दिसतं ते डोळ्यातल्या दंडपेशींच्या जिवावर, आणि अंधाराला पुरतं सरावायला त्यांना साधारण अर्धा तास लागतो. जवळून पडलेला एक फ्लॅश ही कमाई एका क्षणात घालवतो. पुढची काही मिनिटं खिडकीबाहेर काळा पडदा. डेन्व्हरच्या पूर्वेला शेतजमीन आणि तुरळक दिवे; शहराकडे पाठ करून वळलं की क्षितिज म्हणावं असं फारसं काही उरत नाही. वर ढग असतील तर तेही नाही.

क्षितिज गेलं की आपण कानावर विसंबतो, आणि कान खोटं बोलतो. तोल सांभाळणाऱ्या कानातल्या अर्धवर्तुळाकार नलिकांना सेकंदाला साधारण दोन अंशांपेक्षा सावकाश वळण कळतच नाही. कळलेलं वळणही एकसारखं चालू राहिलं तर दहा-वीस सेकंदांत नलिकेतला द्रव वेग पकडतो आणि वळतोय ही जाणीव विरून जाते. मग वैमानिक पंख खरोखर सरळ करतो तेव्हा विमान उलट्या बाजूला कललंय असं वाटतं, आणि तो ते 'दुरुस्त' करायला जातो. अशा वळणात फोनकडे बघायला मान झटकन वळवली तर आणखी एका अक्षावर गोंधळ उडतो; सगळं जग कोलांटी घेतंय असा भास होतो. विमान किती कललंय ते दाखवणाऱ्या कृत्रिम क्षितिज या उपकरणावर नजर खिळवून, शरीर काहीही सांगो, त्या यंत्राचं ऐकायचं, एवढा एकच मार्ग असतो. हे जमायला सराव लागतो. 90 दिवसांची आणि सहा महिन्यांची अट त्याचसाठी आहे.

उरतं स्टॉलचं गणित. सेस्ना 150 फ्लॅप, म्हणजे पंखांमागच्या खाली करता येणाऱ्या झडपा, वर असताना सरळ उडत असेल तर ताशी 55 मैलांच्या आसपास स्टॉल होतं. उंची न सोडता 45 अंशांच्या कलात वळवलं तर हाच आकडा 65 वर जातो, 60 अंशांत 78 वर. चढाईचा वेग त्याहून फार वर नसतो. दिशाभ्रमात कल वाढत गेला, नाक खाली चाललंय असं वाटून योक मागे ओढला, की हा आकडा आपण होऊन वर येऊन विमानाला गाठतो. सर्किटची उंची जमिनीपासून साधारण हजार फूट. चढाईत त्याहूनही कमी. स्टॉलमधून सावरायला तेवढी जागा बऱ्याचदा पुरत नाही.

1954 साली इलिनॉय विद्यापीठात एक प्रयोग झाला. उपकरणांवर उडण्याचा अनुभव नसलेल्या 20 जणांना प्रशिक्षकाच्या सोबतीने, बाहेरचं दिसणार नाही अशी व्यवस्था करून विमान चालवायला दिलं. विसाच्या वीस जणांचा ताबा सुटला. सरासरी वेळ 178 सेकंद. सगळ्यात लवकर सुटला तो 20 सेकंदांत. तीन मिनिटांहूनही कमी वेळ, तोही सगळं लक्ष विमानात असताना.

खपून गेलेली चूक

आता त्या मधल्या थांब्याकडे. आधीच्या उड्डाणात फ्लॅश पडला आणि काही झालं नाही. त्याआधीच्या उड्डाणांतही फोन हातात होता, काही झालं नाही. खपून गेलेली प्रत्येक चूक पुढच्या वेळी सवलत बनते. वैमानिकाच्या मनात नेमकं काय होतं हे कोणालाच सांगता येणार नाही, पण हा क्रम उड्डाण प्रशिक्षकांच्या ओळखीचा आहे. माणूस अचानक बेफिकीर होत नाही. धोक्याने आपला हिशेब मागितला नाही हे पुन्हा पुन्हा पाहून तो होत जातो. सुखरूप लँडिंगने एवढंच सिद्ध होतं की त्या वेळी ढग, दिवे, वारा आणि नशीब एका रांगेत आले होते.

एफएए, म्हणजे अमेरिकेची विमान वाहतूक नियामक संस्था, वैमानिकांना पाच घातक वृत्ती शिकवते: नियमांचा राग, उतावीळपणा, 'मला काही होत नाही', मर्दुमकी आणि हतबलता. फाजील आत्मविश्वास म्हटलं की आपण थेट मर्दुमकीकडे बोट दाखवतो. मला ते घाईचं वाटतं. कॅमेऱ्यासमोरच्या वैमानिकात बढाई फार कमी वेळा दिसते. दिसतो तो सहजपणा: हसरा चेहरा, सैल खांदे, एका हाताने चाललेलं काम. कॅमेऱ्याला हेच आवडतं. आणि सुरक्षित उड्डाण नेमकं उलटं दिसतं. नजर उपकरणांवरून सतत फिरत असते, ओठ चेकलिस्ट पुटपुटत असतात, शेजारच्याला मधूनच 'आता बोलू नकोस' असं सांगावं लागतं. हे फोटोत वाईट येतं. नवा वैमानिक एका बाजूला कौशल्य शिकत असतो, दुसऱ्या बाजूला कौशल्य असल्यासारखं दिसायला शिकत असतो, आणि दुसरी गोष्ट कितीतरी लवकर जमते.

शेजारचा प्रवासी हा पहिला प्रेक्षक. त्याला धोका कळत नाही. वैमानिक निवांत आहे म्हणजे सगळं ठीक, असा त्याचा साधा हिशेब. हवाई कंपनीच्या विमानात शेजारी सहवैमानिक असतो, 'फोन ठेव' म्हणायचा त्याला अधिकार असतो. इथे शेजारचा माणूस स्वतःच फोन पुढे करतो.

फोनमागचे प्रेक्षक

प्रेक्षकांच्या दबावाने उडणं सोशल मीडियाच्या आधीपासून आहे. 11 एप्रिल 1996 रोजी वायोमिंगमधल्या शायेनहून एक सेस्ना 177 वादळी हवेत उडालं आणि लगेच कोसळलं. आत सात वर्षांची मुलगी, तिचे वडील आणि प्रशिक्षक. सगळ्यात लहान वयात अमेरिका ओलांडण्याचा विक्रम करायचा होता, आणि वाटेत वार्ताहर वाट बघत होते. विमानात मर्यादेपेक्षा जास्त वजन होतं. समुद्रसपाटीपासून सहा हजार फुटांहून उंचावरच्या त्या विमानतळावरची हवा प्रशिक्षकाच्या सवयीपेक्षा विरळ होती. एनटीएसबीने ठपका ठेवला तो उड्डाणाचा निर्णय घेणाऱ्या प्रशिक्षकावर. हातभार लावणाऱ्या घटकांत आवाक्याबाहेरचं वेळापत्रक पाळण्याची इच्छा नोंदवली, आणि त्यामागचं एक कारण म्हणून माध्यमांना दिलेले शब्द. त्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसने मुलांच्या अशा विक्रमी उड्डाणांवर बंदी आणली.

तेव्हा असा दबाव यायला विक्रम लागायचा, वार्ताहर लागायचे. आज 60 तासांच्या वैमानिकाकडेही स्वतःचे प्रेक्षक असतात आणि ते रोज हजर असतात. दबाव धमकीसारखा येत नाही. शुक्रवारी 'उद्या पहिलं क्रॉस-कंट्री', म्हणजे दुसऱ्या गावापर्यंतचं लांबचं उड्डाण, असं लिहिलं जातं, शनिवारी ढग खाली येतात, आणि रद्द करणं म्हणजे आता शे-दोनशे लोकांना कारण सांगणं. न झालेल्या उड्डाणाचा व्हिडिओ होत नाही. शिवाय नवा वैमानिक इतरांचं जे बघतो त्यात फक्त उतरलेली विमानं असतात, रद्द झालेली शनिवारची उड्डाणं नसतात. तुलना त्यांच्याशी होते.

एफएएच्या जोखीम व्यवस्थापनाच्या पुस्तिकेत उड्डाणापूर्वी तपासायचे चार गट आहेत: वैमानिक, विमान, परिसर आणि बाहेरचे दबाव. त्यात चौथ्याला सांभाळणं सगळ्यात महत्त्वाचं म्हटलं आहे, कारण तो एकच गट बाकीचे तीन विसरायला लावू शकतो. पुस्तिकेत अशा दबावाची उदाहरणं म्हणून घरी वाट बघणारी माणसं, प्रवाशाची निराशा अशा गोष्टी येतात. फॉलोअर त्याच यादीत बसतात, फक्त ते घरी परतल्यावरही संपत नाहीत.

एक फरक नीट ठेवायला हवा. 2021 मध्ये कॅलिफोर्नियात एका यूट्यूबरने कॅमेरे लावून चालू विमानातून पॅराशूटने उडी मारली आणि विमान डोंगरात पडू दिलं. नंतर अवशेष नष्ट करून तपासात अडथळा आणल्याबद्दल 2023 मध्ये त्याला सहा महिन्यांची कैद झाली. सोशल मीडिया आणि विमानं म्हटलं की चर्चा हमखास तिकडे वळते. पण तो बनाव होता, गुन्हा होता. आपल्या प्रकरणातला प्रश्न त्याहून अवघड आहे, कारण त्यात वाईट हेतू कोणाचाच दिसत नाही.

नियम कुठपर्यंत पोचतो

हवाई कंपन्यांसाठी अमेरिकेत 1981 पासून नियम आहे: टॅक्सी (विमानतळावर जमिनीवरून विमान चालवणं), टेकऑफ, लँडिंग आणि 10,000 फुटांखालच्या उड्डाणात कामाखेरीज काही करायचं नाही, बोलायचंही नाही. 1974 मध्ये शार्लटला ईस्टर्न एअरलाइन्सचं विमान पडलं तेव्हा कॉकपिटमध्ये इकडच्या तिकडच्या गप्पा चालल्या होत्या. त्यातून पुढे हा नियम आला. 2009 मध्ये नॉर्थवेस्ट एअरलाइन्सचं एक विमान जिथे उतरायचं होतं ते मिनिआपोलिस ओलांडून पुढे निघून गेलं, दोन्ही वैमानिक लॅपटॉपमध्ये बुडाले होते. त्यानंतर कंपनीच्या वैमानिकांना उड्डाणात वैयक्तिक कामासाठी फोन-लॅपटॉप वापरायला बंदी आली. तो अंतिम नियम फेब्रुवारी 2014चा, म्हणजे वॅटकिन्सच्या अपघाताच्या साडेतीन महिने आधीचा. सेस्ना 150 घेऊन मित्रांना फिरवणाऱ्या खासगी वैमानिकाला यातलं काहीच लागू होत नव्हतं. ज्याच्या शेजारी सहवैमानिक नाही आणि ज्याचा सराव कमी, त्याच्यावर नियमाचा धाकही सगळ्यात कमी.

त्यामुळे मर्यादा वैमानिकाला आपल्या आपणच घालाव्या लागतात, आणि त्या जमिनीवर असताना, कागदावर. ढगांची किमान उंची, वारा, शेवटचं रात्रीचं लँडिंग कधी झालं, हे आकडे घरी ठरवले तर धावपट्टीवर शेजारच्याच्या चेहऱ्याकडे बघून ते बदलत नाहीत. कॅमेरा लावायचाच तर इंजिन सुरू करण्याआधी लावून, चालू करून विसरायचा. उड्डाणात त्याला हात नाही. फोन मागे, बॅगेत. घोषणा आधी नाही, व्हिडिओ नंतर, तोही दोन-चार दिवसांनी. प्रवाशाला निघण्यापूर्वी सांगायचं की मी बोट वर केलं की गप्प. हे शेवटचं अनेकांना उद्धट वाटतं, पण प्रवाशाला ते सहसा आवडतं. आपल्यालाही एक काम मिळालं असं त्याला वाटतं.

प्रशिक्षकांना याहून सोपी गोष्ट करता येते. विद्यार्थी चित्रण करणारच असेल तर ते पोस्ट होण्याआधी त्याच्या शेजारी बसून, आवाज बंद करून बघायचं. लँडिंग कसं झालं ते बाजूला ठेवायचं. टेकऑफपासून हजार फुटांपर्यंत त्याची नजर किती वेळा उपकरणांवर गेली, किती वेळा बाहेर, आणि किती वेळा लेन्सकडे, एवढंच मोजायचं.